माहीत असून प्यायलेला काढा

माझ्या बायकोने मला गूळ पाजून मरणाच्या दारात नेलं, असं आमच्या गावात पाच वर्षं बोललं गेलं. माझी आई बोलली, भावजय बोलली, विहिरीवरच्या बायका बोलल्या. माझी बायको कौसाबाई, तिनेही ते खरं मानलं. ते खरं नव्हतं. मला साखरेचा आजार आहे, हे तापाची साथ येण्याच्या आधी दोन वर्षांपासून मला ठाऊक होतं आणि मी ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढंच असतं तर एखादे वेळी मी हे लिहायला बसलो नसतो. दवाखान्यात डॉक्टरांनी समोर उभं राहून विचारलं, तेव्हाही मी खोटं बोललो. तो दोष तिच्या माथी ठेवून घरी आलो आणि गप्प राहिलो.

मी प्राथमिक शाळेचा मास्तर आहे. औषधपाण्याची माहिती माझ्याकडून घेऊ नये. पण ज्यांना दमा, साखर, हृदयाचं दुखणं असा काही जुना आजार आहे आणि ज्यांनी तो घरच्यांपासून झाकून ठेवला आहे, त्यांनी माझं ऐकावं म्हणून हे लिहितो.

बसून खाणाऱ्याचा रोग

राणीसावरगावच्या बाजूला आमचं गाव. वडील लवकर गेले. थोरल्या लक्ष्मणदादाने शाळा सोडली आणि लग्न झाल्यावर वहिनीला घेऊन दर साल ऊस तोडायला जाऊ लागला. दिवाळी झाली की ती दोघं निघायची, ऊन तापल्यावर परतायची. त्या दोघांच्या कष्टावर मी शिकलो, मास्तर झालो. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला नोकरदार मीच. दादा मला नावाने हाक मारत नसे. सख्खा थोरला भाऊ, पण "गुरुजी" म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याची मान ताठ व्हायची.

एका उन्हाळ्यात माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. जखम भरेना. शाळेच्या कामासाठी परभणीला गेलो होतो, तिथे एका डॉक्टरांना दाखवली. त्यांनी लघवी तपासली आणि म्हणाले, "मास्तर, साखर जाते आहे. गोळ्या रोज घ्यायच्या, गोड बंद, आणि घरी सांगून ठेवायचं."

पहिल्या दोन गोष्टी मी अर्ध्यामुर्ध्या केल्या. तिसरी केलीच नाही.

कारण सांगतो. त्याच्या थोडे दिवस आधी गावातल्या एका शेटजींना हाच आजार निघाला होता. दादा आणि त्याचे जोडीदार पारावर बसून हसत होते.

"शेटजीच्या मुताला मुंग्या लागायल्यात म्हनं!"

"लागंनात का! बसून खाल्लं की आसंच व्हतंय."

दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "आपल्याला हे भ्या न्हाई बगा, गुरुजी. आपली समदी साखर कारखान्यात जाती!"

मीही हसलो होतो. आता त्याच भावाला जाऊन काय सांगू? तू उसाच्या फडात राबलास आणि मी खुर्चीवर बसून शेटजीचा रोग घेतला? माझ्या मनाने तसं धरलं. साखरेचा आजार राबणाऱ्यालाही होतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी लाज गेली असती असं नाही.

गोळ्या मी शाळेच्या कपाटात, खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवल्या. शाळा असली की गोळी, सुट्टी लागली की नाही. घरी जे वाढतील ते खायचो. दादा येताना गुऱ्हाळावरून गुळाची ढेप आणायचा. तिचा पहिला खडा तो माझ्याच हातावर ठेवायचा, आणि मी तो तोंडात टाकायचो.

साथ

त्या वर्षी भादव्यात तापाची साथ आली. एका घरात एक जण खोकायला लागला की आठवड्यात सगळं घर आडवं. फ्लू म्हणतात तोच. बहुतेकांचा ताप आपोआप उतरत होता, अंग दुखायचं, अशक्तपणा राहायचा आणि माणूस कामाला लागायचा. निम्मी मुलं तापाने पडली म्हणून शाळा बंद ठेवली. कपाटाला कुलूप लागलं. किल्ली माझ्याच खिशात होती, पण शाळा शेजारच्या गावाला, आणि मी कशाचं निमित्त काढून जाणार?

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मवाचनाचे दिवस होते. आमचं विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथे रोज संध्याकाळी मी धम्मग्रंथ वाचायचो. वाचनाआधी सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी सगळ्यांत स्पष्ट म्हणायचो, मास्तराच्या आवाजात. एका संध्याकाळी वाचता वाचता घसा बसला, अक्षरं हलायला लागली. घरी आलो तो थंडी भरूनच.

कौसाने चुलीवर काढा ठेवला. आलं, मिरे, गवती चहा आणि दादाच्या ढेपेतला गूळ. आमच्याकडे तापात दुसरं काय देतात? अन्न जात नव्हतं, म्हणून ती मधूनमधून गुळाचं पाणीही द्यायची, तेवढीच ताकद.

"नको," एकदा मी म्हणालो.

"का नगं? ल्हान लेकरावानी करू नका. बाजारचा न्हाई, दादांनी आणलेला गूळ हाय."

मी पेला घेतला. मला कळत होतं. त्या वेळी मी शुद्धीवर होतो, हे मला इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. 'कौसा, मला साखर आहे' एवढे शब्द पुरे होते. मी स्वतःची समजूत घातली की दोन दिवसांचा ताप आहे, उतरेल, मग शाळा उघडली की गोळ्या घेऊ.

ताप उतरला नाही. तहान लागायला लागली, घागर तोंडाला लावावी अशी. मी पाणी मागायचो आणि ती बिचारी त्यात गूळ कालवून द्यायची. उठून उठून बाहेर जायचो. मग उठवेना. धाप लागली. छातीत कुणी वाळू भरल्यासारखं झालं. माझी आई उशाशी बसून म्हणत होती, "नजर लागली माज्या लेकराला, समद्यात पुडं गेला म्हनून." दादाने बैलगाडी जुंपली. त्यापुढचं मला तुटक आठवतं.

राणीसावरगावहून एसटी पकडली. कंडक्टरने मागचा लांब बाक रिकामा करवून मला आडवं केलं. गंगाखेडला गाडी चहासाठी थांबते, पण ड्रायव्हर म्हणाला, "चहा परभणीत पिऊ." ती माणसं मला पुन्हा भेटली नाहीत. भेटली असती तरी ओळखता आली नसती.

"आधी कधी तपासलं होतं?"

परभणीच्या दवाखान्यात दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, याला जुना आजार काही आहे का. दादाने छाती पुढे काढून सांगितलं, "न्हाई साहेब. माजा भाऊ आजपत्तूर दवाखान्याची पायरी चढला न्हाई." तो खरं तेच बोलला. त्याला ठाऊक होतं तेवढं.

डॉक्टरांनी तरीही लघवी तपासली. लघवी घालून निळं औषध तापवलं तर ते विटेसारखं लाल झालं. छातीत न्यूमोनिया, अंगात साखर आणि वरून ताप. मला इंजेक्शनं सुरू झाली. बोलता येण्याइतका सावध झालो तेव्हा पायथ्याशी दादा उभा होता, उशाशी कौसा आणि समोर डॉक्टर.

"मास्तर, तुम्हाला साखरेचा आजार आहे. आधी कधी तपासलं होतं?"

मी दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टर कौसाकडे वळले. "तापात यांना काय काय दिलं?"

तिने काही लपवलं नाही. काढा कसा केला, गूळ किती घातला, पाण्यात किती, दिवसातून किती वेळा. शाळेत कविता म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखी हात सरळ खाली सोडून सांगत गेली. तिला वाटत होतं, आपण किती सेवा केली ते साहेबांना कळतं आहे.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही गूळ नाही, विष दिलंत."

ते वाईट माणूस नव्हते. वॉर्ड भरून वाहत होता, जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या, त्यांना बसायलाही सवड नव्हती. मी खरं बोललो असतो तर ते वाक्य त्यांनी मला ऐकवलं असतं. ते पुढच्या खाटेकडे गेले. दादा कौसाकडे नुसता बघत राहिला. तिचे हात तसेच सरळ होते.

मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ती सोय असते.

वॉर्डातले दिवस

सकाळी इंजेक्शन, मग तपासणी, मग नळीने वाफ, दुपारी पुन्हा तेच. नातेवाईक आवारात तीन दगड मांडून स्वयंपाक करायचे. भीती वाटायची ती दोन खोकल्यांच्या मधल्या वेळात, श्वास घ्यायला लागतो आणि तो पुरा येत नाही तेव्हा. पण त्याहून मला एक वेगळी गोष्ट आठवते. कौसा मला स्वतःच्या मनाने काही देईनाशी झाली. साधं पाणी मागितलं तरी नर्सकडे जायची. "बाई, पानी देऊ का ह्यांना?" नर्स हसायची. "पाण्याला काय विचारता?" तरी पुढच्या वेळी ती पुन्हा विचारायची.

डॉक्टर एकदा फेरीला आले असता म्हणाले, "ताप सगळ्या जिल्ह्याला आला. पण खाटेला खिळलेले कोण ते बघा. कुणाला दमा, कुणाला साखर, कुणाचं हृदय अधू. घरात आधीच चोर लपलेला असला की बाहेरच्या चोराला कडी काढून देतो." हे मी कधी विसरलो नाही. माझ्या घरातल्या चोराला जेवू घालणारा मीच होतो.

शेजारच्या खाटेवर पालमचे एक म्हातारे शिंपी होते. सगळे त्यांना मास्टर म्हणत. लहानपणापासूनचा दमा, त्यात हा ताप. बोलताना दोन शब्दांनी थांबावं लागे, तरी गप्प बसत नसत.

"गुरुजी, तुमी शाळेचे मास्तर... मैं कपड्यांचा. दोनो उसवलेले."

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कायकू? दमा तो बचपन का यार है. पाहुणा आला की... मैं पयलेच सांगतो, यार घरमेंच है. दाखल व्हताना बी... पयला लफ्ज वोइच बोल्या."

मला इंजेक्शनं कमी करून गोळ्या सुरू केल्या त्या दिवशी नर्सने हातावर गोळी ठेवली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही नाही, ती लहान पांढरी असते." नर्स घाईत होती, तिने लक्ष दिलं नाही. कौसा आवारात भाकरी टाकत होती. मास्टर मात्र कुशीवर वळले.

"छोटी सफेद?" ते म्हणाले. "तुमाला कैसा मालूम, गुरुजी?"

मी गोळी गिळली आणि पाठ फिरवली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दमा छुपता नै. आवाज करता है. तुमची बीमारी... शरीफ है, छुपती है. बोल देव, गुरुजी."

माझ्या आधी ते घरी गेले. दोन मुलांच्या खांद्यावर हात टाकून निघाले, दारातून मागे फिरले आणि कौसाला म्हणाले, "भाभी, गुळाची गलती नै." तिला वाटलं म्हातारा धीर देतो आहे. तिने पदर डोळ्याला लावला. मी भिंतीकडे पाहत होतो.

घरी

मी वाचलो. गावाने आनंद केला. आणि मग बोलणं सुरू झालं.

"ह्या बाईनं गूळ पाजू पाजू माज्या लेकाला मारायला घेतलं व्हतं," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रागाने नव्हे, गोष्ट सांगावी तशी. त्यामुळे ते जास्त पसरलं. विहिरीवर बायका विचारायच्या, "कौसा, आज भाजीत काय घातलंस गं?" आणि हसायच्या. थट्टाच ती, पण रोजची.

कौसा उलट बोलली नाही. मला मात्र तिने जपलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, वेळच्या वेळी गोळी. मी आज चालतोबोलतो आहे तो तिच्या त्या शिस्तीमुळे. पण ती गोड खाईना. सणाला सगळ्यांना खीर वाढायची आणि स्वतः मिरची-भाकरी घेऊन बसायची. आजारी माणसाच्या जवळ जाईना. मी विचारलं की म्हणायची, "माजा हात चांगला न्हाई."

मी कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं, त्याला गणती नाही. आधी वाटलं, बरं झाल्यावर सांगू. मग वाटलं, लोक विसरतील. मग इतका काळ गेला की न सांगितल्याचाच गुन्हा मूळ गुन्ह्याहून मोठा झाला, आणि तो सांगायची आणखी भीती वाटू लागली. विहारात चौथं शील आलं की माझा आवाज खाली जायचा.

गेल्या पावसाळ्यात दादाची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. बाळंत झाल्यावर तिला ताप भरला. वहिनी बाळाला घेऊन बसली होती, म्हणून कौसाने पेज करून वाटी पुढे नेली. वहिनीने ती मधल्यामध्ये हातातून घेतली.

"तू ऱ्हाऊ दे, कौसा. तुज्या हातचं नगं."

कौसा चिडली असती, रडली असती, तर कदाचित मी तेव्हाही निभावून नेलं असतं. ती म्हणाली, "हां, खरंच की. माज्या ध्यानात न्हाई आलं." आणि मागे सरकली.

विहारात

त्याच आठवड्यात वाचन संपल्यावर मी ग्रंथ मिटला आणि उभा राहिलो. सगळं सांगितलं. काटा, गोळ्या, खडूचं खोकं, काढा, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. मधे कुठेही थांबलो नाही.

मग एक म्हातारे उठले आणि माझा हात धरून म्हणाले, "गुरुजी, लय मोठं मन तुमचं. आसं कोन सांगतंय?" आणखी चार माणसं आली. आई रडत होती. मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

दादा शेवटी आला. "मला सांगाया काय झालतं?" तो म्हणाला. "मी हासलो आसतो. आन मग तुला दवा आणून दिली आसती." पहिल्यांदाच तो मला गुरुजी म्हणाला नाही.

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. कौसाची जागा रिकामी होती.

घरी ती बोलली नाही. भाकरी वाढली, गोळी दिली, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. वहिनी येऊन तिच्या गळ्यात पडून रडली, तरी ही कोरडीच. मी म्हणालो, "आता तर गावाला कळलं. तुझ्यावरचा डाग गेला."

"तितं बी तुमीच मोठं झालात," ती म्हणाली. "मी दोषी व्हते तवा लोक माज्याकडं बगत व्हते. मी निर्दोष निगाले तर समदे तुमच्याकडं बगायलेत. आन मला हे कुटं कळलं? लोकांत बसून. आदी मला सांगावं वाटलं न्हाई तुमाला?"

मी गावाची माफी मागितली होती. गावाचं मी काय बिघडवलं होतं?

एका सकाळी ती अंगणात उडदाच्या शेंगा सोलत बसली होती. मी जाऊन समोर खाली बसलो. तिने मान वर केली नाही.

"मी पेला तुमच्या तोंडाला लावत व्हते, तवा म्हाईत व्हतं?"

"होतं."

"डाक्टरनं इचारलं तवा?"

"होतं."

"सासूबाई मला बोलत व्हत्या, तवा तुमी आतल्या खोलीत आसायचात. आयकू यायचं?"

"यायचं."

शेंगा सोलायच्या थांबल्या. आजवर मी मनात जी कारणं रचून ठेवली होती, दादाची लाज, ताप, भीती, ती सगळी जिभेवर आली. या वेळी मी ती गिळली.

"कौसा," मी म्हणालो, "तू काहीच चुकली नव्हतीस. तुझा हात कधीच वाईट नव्हता. मला सगळं माहीत असून मी तुला पाच वर्षं ऐकून घ्यायला लावलं. सगळ्यांच्या आधी तुझ्यापाशी यायला हवं होतं, तेही मी केलं नाही. मी तुझा गुन्हेगार आहे. मला माफ कर."

तिने मूठभर शेंगा माझ्यासमोर ठेवल्या आणि पुन्हा सोलू लागली.